कॅमेरा घेऊन द्या, पण आधी चौदा हजारांतले वीस फोटो निवडायला लावा

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा अकरावीत आहे, फोटोग्राफीचं वेड आहे. मोबाइलमध्ये चौदा हजार फोटो साठलेत आणि आता तो साठ हजारांचा कॅमेरा मागतोय. मुलाचे मामा जुने हौशी फोटोग्राफर, त्यांच्याकडे अजून पेंटॅक्स के-१००० हा रोलवर चालणारा कॅमेरा आहे. मामांचं म्हणणं असं की आम्ही रोलवर शिकलो, एकेक फोटो विचार करून काढला. ही पोरं नुसती बटण दाबत सुटतात, डिजिटलवर फोटोग्राफी शिकता येत नाही. ताईंना जाणून घ्यायचंय की मामा म्हणतात ते खरं आहे का, आणि एवढे पैसे घालावेत का.

ताई, मी १९९३ पासून कोल्हापुरात फोटोग्राफी करतोय. पहिली बारा वर्षं रोलवर, त्यानंतर डिजिटलवर. लग्नं, पासपोर्ट, शाळांची संमेलनं, सगळं केलं आणि करतो. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी कॉलेजच्या मुलामुलींना शिकवतो. त्यामुळे तुमच्या घरातला हा वाद माझ्या स्टुडिओत दर महिन्याला एकदा तरी होतो.

कॅमेरा घ्यायचा की नाही, हा त्यातला सोपा प्रश्न. त्याचं उत्तर पुढे देतोच. अवघड प्रश्न दुसरा आहे. त्या चौदा हजार फोटोंपैकी तुमच्या मुलाचे स्वतःचे किती? म्हणजे त्याने ठरवून काढलेले, आणि काढल्यावर पुन्हा बघून, ठरवून ठेवलेले. मामांना जे खटकतंय ते खरं तर हेच आहे. ते बोट डिजिटलकडे दाखवतायत, एवढंच.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत. त्याला काय टिपायचंय हे महत्त्वाचं आहे. पक्षी टिपायचे असतील तर साठ हजारांत फार काही होत नाही, माणसं आणि गाव टिपायचं असेल तर निम्म्यात होतं. पैसे साठवलेले आहेत की हप्त्यावर घ्यावे लागणार, यावरही अवलंबून आहे. हप्ता काढून अकरावीच्या मुलाला कॅमेरा घेऊ नका, एवढं मी स्पष्ट सांगेन. पुढच्या वर्षी बारावी आहे, हेही डोक्यात असू द्या. त्या वर्षात कॅमेरा कपाटात पडून राहिला तर तो आवड संपल्याचा पुरावा मानू नका.

आता मामांचं बोलणं. त्यातलं अर्धं खरं आहे.

माझा पहिला कॅमेरा सेकंडहँड झेनिट. त्यावर ५८ एमएमची हेलिओस लेन्स, एफ २ (हा आकडा जितका लहान, तितका लेन्स जास्त उजेड आत घेते). छत्तीसचा रोल शंभराच्या आसपास पडायचा, धुणं वेगळं, पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटमागे चार-पाच रुपये वेगळे. सगळं मिळून एका फ्रेमला सात-आठ रुपये. तेव्हा कटिंग चहा रुपया-दीड रुपयाला होता, म्हणजे एकदा बटण दाबलं की पाच चहा गेले. डोळा आपोआप सावध व्हायचा. डोक्यातून विजेचा खांब निघतोय का, कडेच्या बाईचा हात कापला जातोय का, हे आधीच बघून घ्यायचो, कारण नंतर बघून उपयोग नव्हता.

एकदा एका जावळाला गेलो होतो. रोल घाईत भरला आणि त्याचं टोक स्पूलच्या खाचेत नीट बसलंच नाही. मी लिव्हर ओढत राहिलो, काउंटर पुढे सरकत राहिला, रोल मात्र जागच्या जागी. कार्यक्रम संपला, धुतल्यावर हातात कोरी पट्टी आली. बाळाचं डोकं तर भादरून झालं होतं. त्या घरी जाऊन हे सांगायला लागलं तो दिवस मी विसरलेलो नाही. त्यामुळे रोलच्या काळाबद्दल कुणी फार हळवं होऊन बोलायला लागलं की मला आधी ती कोरी पट्टी आठवते.

रोल महाग होता म्हणून आम्ही सावध झालो, हे मामांचं म्हणणं मान्य. पण म्हणून आम्ही चांगलं आणि लवकर शिकलो, हे मला मान्य नाही. आम्ही फार हळू शिकलो. रोल संपायला तीन-तीन आठवडे लागायचे. मग लॅबमध्ये देणं, मग प्रिंट येणं. तोवर कुठल्या फ्रेमला काय सेटिंग होतं ते डोक्यातून गेलेलं असायचं. म्हणून मी वही ठेवायचो. ती वही अजून आहे. पहिली पाच-सहा पानं नीट भरलेली आहेत: फ्रेम नंबर, ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (किती वेळ उघडं), उजेड कुठून. पुढच्या पानांवर नुसतं 'ऊन', 'सावली', 'घाई' असं लिहिलंय. त्यात आणखी एक अडचण होती, जी त्या काळातल्या अनेक हौशी लोकांना कळायचीही नाही. कलर लॅबचं मशीन प्रिंट काढताना उजेड-अंधार स्वतःच सावरून घ्यायचं. निगेटिव्हमध्ये एका स्टॉपची, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा पडल्याची चूक असली तरी प्रिंट बरी यायची. आपण बरोबर काढला असं वाटायचं आणि तीच चूक वर्षभर चालू राहायची.

डिजिटलने इथे काय बदललं ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो.

गेल्या वर्षी माझ्याकडे येणारा एक मुलगा तालमीत फोटो काढायला जाऊ लागला. कोल्हापुरातली जुनी तालीम म्हणजे लाल माती, जाड भिंती आणि उजेडाला एकच खिडकी. पहाटे पावणेसहाला पैलवान जोर काढायला सुरुवात करतात. मी १९९४ मध्ये अशाच एका तालमीत झेनिट घेऊन गेलो होतो. कॅमेऱ्यावरच्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा त्या उजेडात हलायचाच नाही. ४०० चा रोल (हा आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात फोटो येतो), ॲपर्चर पूर्ण उघडं एफ २, आणि अंदाजाने शटर १/६० सेकंद. प्रिंट आल्या तेव्हा पैलवान ओळखू येत होते, पण हात म्हणजे नुसते ओघळ. माती उडालेली तर दिसतच नव्हती. वेगवान शटर लावावं तर फोटो काळा. रोल ४०० चा म्हटल्यावर तो शेवटपर्यंत ४०० च. दोन महिने आणि तीन रोल घालवून मला कळलं ते इतकंच, की या उजेडात हे माझ्याच्याने होणार नाही.

हा मुलगा माझी ३५ एमएमची एफ १.८ लेन्स घेऊन गेला. आयएसओ (रोलच्या ४०० सारखाच आकडा, पण डिजिटलवर हवा तेव्हा बदलता येणारा) कमी ठेवला की फोटो स्वच्छ येतो असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून ४०० वरच ठेवला. शटर पडलं १/६०, आणि फोटो हुबेहूब माझ्या १९९४ च्या फोटोंसारखे. फरक एवढाच की त्याला ते तिथेच, मातीच्या कडेला उभं असताना दिसलं. त्याने आयएसओ ८०० केला, मग १६००, मग ३२००. प्रत्येक पायरीला शटर दुप्पट वेगवान झालं: १/१२५, १/२५०, १/५००. १/५०० ला पाठीवर टाकलेल्या मातीचा कण न् कण हवेत थांबला. अर्ध्या तासात तो माझ्या दोन महिन्यांच्या पुढे गेला होता.

पण खरी गंमत त्यानंतर झाली. त्याने घरी येऊन सगळे फोटो लॅपटॉपवर लावले. चारशे बारा होते. १/५०० वाले फोटो धारदार होते, तरी बघताना काहीतरी मेल्यासारखं वाटत होतं, जोर कळत नव्हता. मी त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो परत गेला आणि १/१२५ वर काढत बसला. चेहरा स्थिर, हाताला थोडी हालचाल, माती धुरळ्यासारखी. चौथ्या दिवशी त्याने ठरवलं की आपल्याला १/१२५ च हवंय. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक फोटोसोबत कॅमेऱ्याने शटर, ॲपर्चर, आयएसओ, वेळ सगळं लिहून ठेवलेलं असतं. माझ्या वहीतली जी पानं कोरी राहिली, ती या पोरांना आयती भरून मिळतात. डिजिटल कॅमेऱ्याने शिकणाऱ्याला दिलेली सगळ्यात मोठी देणगी माझ्या मते हीच आहे. मेगापिक्सेल वगैरे त्याच्यानंतर.

हे सगळं किती नवं आहे बघा. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, तेव्हा शंभर बाय शंभर ठिपक्यांचा एक काळापांढरा फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांच्या हातात निकॉन डी-१ आला १९९९ मध्ये, पावणेतीन मेगापिक्सेलचा. हौशी माणसाला झेपेल अशा किमतीत कॅननचा ३००डी आला २००३ मध्ये. माझ्या स्टुडिओत डिजिटल आलं ते २००५ ला. म्हणजे तुमचा मुलगा जन्मला तेव्हा हे यंत्र नुकतं रुळलं होतं. ते वापरून कसं शिकायचं याच्या जुन्या चालीरीती अजून तयारच झालेल्या नाहीत. आमच्याकडे डार्करूम होती, उस्ताद होता, त्याचा ओरडा होता. या मुलांना कॅमेरा मिळाला, पण त्याभोवतीचं बाकी काही मिळालं नाही.

आता मामांना खटकणारी गोष्ट. फ्रेम फुकट झाली, त्याने निर्णयाची जागा हलली. आम्ही बटण दाबायच्या आधी ठरवायचो. आता दाबल्यानंतर ठरवता येतं, आणि शिकणाऱ्याला ते जास्त सोयीचं आहे, कारण समोर दहा पर्याय ठेवून ठरवता येतं. पण आधी ठरवायला रोल भाग पाडायचा. नंतर ठरवायला भाग पाडणारं कुणीच नाही. म्हणून चौदा हजार फोटो ना धड ठेवलेले, ना टाकलेले, असे पडून राहतात. मुलं आळशी आहेत असं मी म्हणणार नाही. हे काम करायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

काही मुलं याच्या उलट करतात, आणि ते जास्त वाईट. कागल तालुक्यातल्या एका गावातून एक मुलगी येते. तिने एका संध्याकाळी आजीचे भाकरी थापतानाचे दोनशे ऐंशीच्या वर फोटो काढले. चूल, दारातून येणारा मावळतीचा उजेड, सगळं सुंदर. पण तिथेच बसून कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर बघत बघत तिने नऊ सोडून सगळे उडवले. ते नऊ फोटो माझ्याकडे घेऊन आली. सगळ्यांत आजी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय, सगळे धारदार, आणि सगळे एकसारखे. सुदैवाने तिने त्या कार्डावर पुढे काही काढलं नव्हतं. डिलीट केलेला फोटो त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बहुतेक वेळा कार्डावर असतोच. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून दोनशेच्या वर परत आणले. त्यात एक होता: आजीचा एक तळवा परातीवरून नुकताच उचललेला, बोटांना पीठ, आणि बाहेरून कुणीतरी हाक मारल्यावर मान दाराकडे वळलेली. हात जरासा हललाय. म्हणूनच तिने तो उडवला होता. तो आणि हसरा फोटो असे दोन्ही आठ-बाराच्या प्रिंट काढून मी तिला घरी न्यायला दिले. तीन आठवड्यांनी ती आली, म्हणाली, "सर, हसरा आता बघवत नाही, ती आजीच वाटत नाही." तेव्हापासून माझ्या वर्गात एकच सक्त नियम आहे. काढल्यापासून महिनाभर एकही फोटो उडवायचा नाही, आणि कॅमेऱ्यावर तर कधीच नाही.

ताई, म्हणून कॅमेरा घ्यायच्या आधी हे करून बघा. मुलाला म्हणा, गेल्या वर्षभरातले फोटो घे, त्यातले शंभर काढ. एका बसकणीत नको, रोज अर्धा तास. एकसारखे बारा असतील तर त्यातला एकच. मग शंभरातले वीस. हे वीस मामांच्या समोर ठेवायचे आणि प्रत्येकाबद्दल एक वाक्य बोलायचं की हाच का. 'छान आलाय' चालणार नाही. 'उजेड बाजूने आला म्हणून भिंतीचा खडबडीतपणा दिसतोय', हे चालेल. पहिल्या खेपेला त्याच्या विसातले दहा-बारा मित्रांचे असतील. तसं होतंच, मित्र आवडतात म्हणून त्यांचे फोटोही आवडतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायला सांगा. आठवण म्हणून ठेवलेला फोटो आणि फोटो म्हणून ठेवलेला फोटो हे दोन गठ्ठे ज्या दिवशी त्याला वेगळे करता येतील, त्या दिवसापासून त्याचं शिकणं सुरू झालं असं समजा. वीसच्या वीस पोस्टकार्ड साइजमध्ये छापून आणा. फरशीवर मांडले की मोबाइलवर न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात.

हे करताना तो कंटाळून सोडून देत असेल, तर कॅमेरा सहा महिने थांबवा. करत असेल, तर बिनधास्त घ्या.

कुणी विचारेल, मग मोबाइलच का पुरत नाही? बऱ्याच गोष्टींना पुरतो, आणि मी स्वतः रोज वापरतो. पण मोबाइलवर एक बटण दाबलं की आत अनेक फ्रेम घेतल्या जातात, त्या जोडल्या जातात, सावली उजळते, आकाश सावरलं जातं. फोटो चांगला येतो, पण त्यातला कुठला निर्णय आपला आणि कुठला फोनचा, हे मुलाला कळायला मार्ग नसतो. मघाशी सांगितलेल्या लॅबच्या मशीनसारखंच हे. शिवाय सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा आकार. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर सत्तरेक चौरस मिलिमीटरचा असतो, साध्या डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा) साडेतीनशेच्या आसपास. तालमीच्या उजेडात हा पाचपटीचा फरक कळतो.

आणि एक प्रयोग घरीच करा. मोबाइलने मुलाचा चेहरा दीड फुटावरून टिपा, मग सहा फुटांवर जाऊन झूम करून टिपा. दीड फुटावर नाकाचा शेंडा लेन्सपासून ४५ सेंटिमीटरवर असेल तर कान साधारण ५७ वर असतात, म्हणजे कानाच्या मानाने नाक सव्वापट मोठं दिसतं. सहा फुटांवरून हाच फरक सात टक्क्यांवर येतो. सेल्फीत आपलं नाक मोठं आहे असं वाटून खंतावणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्यात. नाकात काही दोष नसतो, अंतरात असतो. हाताच्या अंतरावरून फोटो काढायची सवय लागलेल्या पिढीला मागे सरकायला शिकवणं, हे माझ्या वर्गातलं पहिल्या दिवसाचं काम आहे.

खरेदीचं थोडक्यात सांगतो. साठ हजार नव्या कॅमेऱ्यात घालू नका. निकॉन डी-५६००, डी-३५०० किंवा कॅनन २००डी, १५००डी यांपैकी सेकंडहँड बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा बघा. आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आल्यापासून लोक हे विकतायत आणि शिकायला ते उत्तम आहेत. सगळे ५० एमएमची लेन्स घ्या म्हणून सांगतात, पण या कॅमेऱ्यांवर ती ७५-८० सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी अख्खा माणूस मावत नाही. निकॉनला ३५ एमएम एफ १.८ घ्या, कॅननला २४ एमएम एफ २.८. निकॉनच्या या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या 'एएफ-डी' लेन्स स्वस्त मिळाल्या तरी ऑटोफोकस होणार नाही, 'एएफ-एस' लिहिलेली बघून घ्या. लेन्स विकत घेताना उजेडाकडे धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, परत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा कॅमेऱ्याच्या बॅगेपेक्षा जास्त कामाचा. उरलेल्या पैशांत दोन हार्ड डिस्क घ्या. दोन अशासाठी की एक कधीतरी जातेच. माझ्याकडे १९९३ च्या निगेटिव्ह कागदी पाकिटात शाबूत आहेत, आणि २००७ च्या एका अख्ख्या सीझनचे फोटो एका बंद पडलेल्या डिस्कबरोबर गेले.

पहिले तीन महिने त्याला जेपेगमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फाइलमध्येच काढू द्या. रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये नंतर सावरायला खूप वाव असतो, चौदा बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये २५६. पण सुरुवातीलाच हा वाव मिळाला की 'नंतर बघू' ही सवय लागते. इथे मी मामांच्या बाजूचा आहे.

मामांना आणखी एक सांगा, त्यांना बरं वाटेल. २०१० साली जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये ८० लाखांहून कमी. छोटे खिशातले कॅमेरे मोबाइलने खाल्ले. आणि आता विशीतलीच मुलं आईवडिलांच्या कपाटातून ते जुने सात-आठ मेगापिक्सेलचे कॅमेरे शोधून काढतायत, रोलही भरतायत. माझ्या वर्गातल्या मुलांना मी कारण विचारलं. एक म्हणाला, त्यात फोटो काढला की लगेच कुणाला पाठवता येत नाही, ते बरं वाटतं. मी यावर बरेच दिवस विचार केलाय. या मुलांचा फोटो काढल्या क्षणी दुसऱ्याच्या हवाली होतो, लाइक किती आले यावरून तो चांगला की वाईट ठरतं, आणि स्वतः बघायला मध्ये वेळच उरत नाही. तो वेळ ही मुलं जुन्या यंत्रांत शोधतायत. आपण मोठ्यांनी याला फॅड म्हणून सोडून देऊ नये.

तो वेळ डिजिटलवरही मिळवता येतो. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम करून टिपली होती. मी मुलांना तसंच देतो: घरातली एकच खिडकी, रोज सकाळी सातला, एकच फोटो, तीस दिवस. दहाव्या दिवशी कुरकुर होते. विसाव्या दिवसानंतर मुलं येऊन सांगतात की उन्हाची तिरीप भिंतीवर कुठे पडायची आणि आता कुठे पडते.

एक गोष्ट मात्र मी कुणावर सोडत नाही. फोटो फुकट झाला म्हणजे समोरचा माणूस फुकट झाला असं नाही. तालमीतले पैलवान, बाजारातली भाजीवाली, वर्गातल्या मुली, कुणाचाही फोटो काढायच्या आधी विचारायचं, आणि कुठे टाकायचा असेल तर पुन्हा विचारायचं. नाही म्हटलं की कॅमेरा खाली. आजीच्या वयाच्या माणसाचा फोटो काढला तर प्रिंट नेऊन द्यायची. माझ्या वर्गात एका मुलाने हे पाळलं नाही, त्याला मी एक महिना कॅमेऱ्याशिवाय बसवलं.

तर ताई, आधी ते वीस फोटो. मग सेकंडहँड बॉडी आणि एक लेन्स. आणि मामांचा पेंटॅक्स बाहेर काढा. आज रोल, धुणं, स्कॅन धरून एका फ्रेमला चाळीस-पन्नास रुपये पडतात, म्हणून नेहमीसाठी नको, पण एक रोल त्याने काढावाच, आणि तो मामांच्या शेजारी उभं राहून. छत्तीस फ्रेम, महिनाभरात. प्रत्येक फ्रेमची नोंद वहीत. त्याच जागांचे फोटो डिजिटलवरही काढायचे, म्हणजे रोल आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील. के-१००० बॅटरीशिवायही चालतो, फक्त मीटरसाठी एक बटण सेल लागतो. त्याला बंद करायचं बटण नाही, काम झालं की लेन्सवर झाकण लावलं की मीटर थांबतो. आणि रोल भरताना मामांना एक सांगा. मागचं झाकण लावल्यावर रोलचा ढिलेपणा काढून घ्यायचा, मग लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ आपोआप फिरते का ते बघायचं. फिरली तर रोल पुढे सरकतोय. नाही फिरली तर झाकण उघडा आणि टोक पुन्हा बसवा.